न उडणारें विमान

नाशिक शहराच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपूर लागतें. एके काळीं शेतीवाडीचें असलेलें हें गांव आज औद्योगिक वसाहतीमुळें ओळखलें जातें. पत्रा कापणारे, लेथवर कातकाम करणारे, साचे घडविणारे आणि विजेचीं उपकरणें जोडणारे लहानमोठे कारखाने तेथें एकमेकांस लागून उभे आहेत. शहराच्या दुसऱ्या अंगास, निफाड तालुक्यांतील ओझर येथें, हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आहे. १९६४ सालीं तो निघाला तो मिग-२१ या रशियन बनावटीच्या लढाऊ विमानाची बांधणी करण्यासाठीं. विमानाचा सांगाडा नाशकास, इंजिन ओडिशांतील कोरापुट येथें आणि आंतील विद्युत्-उपकरणें हैदराबादेस, अशी कामाची वांटणी ठरली होती. पुढें त्याच ओझरला मिग-२७ आणि सुखोई-३० या जातींचीं विमानें तयार झालीं. आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजीं, तेथें बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानानें तेथूनच आकाशांत झेप घेतली.

विमान बांधणें ही एक विद्या झाली. परंतु जें विमान कधींच उडावयाचें नाहीं त्याचा अंतर्भाग बांधणें, ही तिची एक निराळीच शाखा आहे. वैमानिक ज्या लहानशा जागेंत बसून विमान हांकतो तिला कॉकपिट म्हणतात. आणि जमिनीवरच राहून उड्डाणाची तालीम देणाऱ्या यंत्राला सिम्युलेटर हें नांव आहे. सिम्युलेटरसाठीं कॉकपिट घडविण्याचें काम वरवर पाहतां सोपें वाटतें. खऱ्या विमानाचीं छायाचित्रें घ्यावीं, मापें घ्यावीं आणि हुबेहूब नक्कल उभी करावी, कीं झालें! नाटकाचा पडदा रंगविणारा चित्रकार राजवाडा असाच उभा करीत नाहीं काय? पण येथेंच विचाराची गफलत होते. रंगभूमीवरचा राजवाडा दुरून पाहावयाचा असतो; त्याच्या दाराची कडी कोणी काढून पाहत नाहीं. सिम्युलेटरमधील कॉकपिट हें पाहण्यासाठीं नसून वापरण्यासाठीं असतें. तेथें हाताला जी संवय लागते तीच पुढें आकाशांत, शेंकडों प्राणांचा भार शिरावर असतां, जशीच्या तशी प्रकट होते. म्हणून कोणती बारीक गोष्ट अगदीं खरी असली पाहिजे आणि कोणती नसली तरी चालेल, याचा निवाडा हाच या कामाचा गाभा होय.

या यंत्राचा उगम वाद्यांच्या कारखान्यांत झाला, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील बिंगहॅम्टन गांवीं एडविन लिंक नांवाचा तरुण आपल्या वडिलांच्या पियानो व ऑर्गन बनविण्याच्या कारखान्यांत काम करीत असे. त्याला विमानविद्येचा छंद होता. पण शिकण्याचा खर्च फार. महाराष्ट्रांतील घराघरांत ठाऊक असलेली बाजाची पेटी ज्या भात्यावर चालते, त्याच जातीचे हवेचे भाते व पंप लिंकला रोजच्या व्यवहाराचे होते. त्यानें १९२९ च्या सुमारास एक लांकडी पेटी भात्यांवर बसविली. आंत बसून दांडा हालविला कीं एक भाता फुगे, दुसरा बसे, आणि पेटी विमानाप्रमाणें कले. प्रारंभीं लोकांनीं तिच्याकडे जत्रेंतील खेळणें म्हणून पाहिलें. परंतु १९३४ सालीं अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचें काम येऊन पडलें आणि रात्रीं, धुक्यांत व वादळांत केवळ उपकरणांवर भरंवसा ठेवून उडण्याची संवय नसल्यामुळें थोड्याच आठवड्यांत अनेक तरुण प्राणांस मुकले. तेव्हां सैन्यानें लिंकच्या सहा पेट्या विकत घेतल्या. दुसऱ्या महायुद्धांत अशा दहा हजारांहून अधिक पेट्या निरनिराळ्या देशांत शिकाऊ वैमानिकांच्या तालमीसाठीं वापरल्या गेल्या.

लिंकची ही पेटी दिसावयास विमानासारखी मुळींच नव्हती. तिचे पंख आंखूड, शेपूट नांवापुरती. आणि शिकाऊ आंत बसला कीं वरून अपारदर्शक झांकण ओढून घ्यावयाचें. बाहेरचें कांहींच दिसावयाचें नाहीं. पण आंतील तबकड्या जेथें असावयास पाहिजेत तेथें होत्या, दांडा व पायपट्ट्या हातापायांस बरोबर लागत होत्या, आणि कांटे जसे हालावयास पाहिजेत तसे हालत होते. एवढ्यावरच लाखों वैमानिक शिकले. बाह्य रूपाचा खोटेपणा त्यांच्या शिक्षणाच्या आड आला नाहीं; कारण हातास व डोळ्यांस ज्याची गरज होती तेवढें तेथें खरें होतें.

उलट, खऱ्या विमानांतही कॉकपिटची मांडणी चुकली तर काय होतें, हें त्याच महायुद्धांत उघडकीस आलें. अमेरिकेचीं बी-१७ जातीचीं बाँबफेकी विमानें सुखरूप उतरल्यावर, धांवपट्टीवर असतांनाच, आपलीं चाकें मिटून पोटावर बसूं लागलीं. वैमानिक थकलेले आहेत, निष्काळजी आहेत, असा प्रथम समज झाला. १९४३ सालीं अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञानें कॉकपिट पाहिलें, तेव्हां त्याला दिसलें कीं चाकें मिटण्याची कळ आणि पंखांच्या मागील झडपा, म्हणजे फ्लॅप, आवरण्याची कळ या दोन्ही अगदीं शेजारीं असून दिसावयास व हातास सारख्याच आहेत. उतरल्यावर फ्लॅप आवरावयाचे असतात. थकलेला हात शेजारच्या कळीवर जाई. चापानिसनें सुचविलेला उपाय अत्यंत साधा होता. चाकांच्या कळीच्या टोंकास लहानसें चाक बसवावें आणि फ्लॅपच्या कळीस पाचरीच्या आकाराचा तुकडा. मग न पाहतांही हात ओळखील कीं आपण काय धरलें आहे. पुढें १९४७ सालीं फिट्स आणि जोन्स या संशोधकांनीं वैमानिकांच्या हातून झालेल्या ४६० चुकांचा अभ्यास केला, तेव्हां त्यांतील सुमारें निम्म्या चुका एका कळीऐवजीं दुसरी धरल्याच्या निघाल्या. आज प्रवासी विमानांच्या कळींचे हे दोन आकार नियमानेंच बांधून दिलेले आहेत.

आतां सिम्युलेटर घडविणाऱ्यानें जर या दोन कळींना दोन सारखे गोल गोळे बसविले, कारण ते बाजारांत तयार मिळतात, तर छायाचित्रांत त्याचें कॉकपिट कदाचित् उत्तम दिसेल. पण त्यानें १९४३ पूर्वींचा दोष पुन्हां जिवंत केला असें होईल. चाकाचा आकार हा तेथें शोभेचा भाग नाहीं. ती वैमानिकाच्या बोटांशीं बोलणारी भाषा आहे.

अशा कक्षाची आंखणी कोठून सुरू करावी? भिंतीपासून नव्हे, तर डोळ्यापासून. आसनावर बसलेल्या वैमानिकाचा डोळा अवकाशांत ज्या बिंदूवर असला पाहिजे तो बिंदु प्रथम ठरवितात आणि बाकीचीं सर्व मापें तेथून घेतात. त्या बिंदूवरून समोरच्या तबकड्या दांड्याआड जाऊं नयेत, खिडकीच्या खालच्या कडेवरून धांवपट्टी दिसावी आणि हात व पाय आखडून न घेतां सर्व कळा गांठतां याव्या. कांहीं प्रवासी विमानांत दोन वैमानिकांच्या मधोमध, कांचेपाशीं, तीन लहान गोळ्या बसविलेल्या असतात. आपल्या बाजूची पांढरी गोळी मधल्या तांबड्या गोळीस झांकील इतकें आसन वरखालीं केलें कीं डोळा नेमक्या बिंदूवर आला असें समजावें.

आसन वरखालीं व मागेंपुढें होणें ही चैन नव्हे, हेंही अनुभवानें शिकावें लागलें. अमेरिकन हवाईदलानें १९५० सालीं चार हजारांहून अधिक वैमानिकांच्या अंगांचीं मापें घेतलीं. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकानें त्यांतील १० मापें निवडून असा प्रश्न केला कीं या सर्व मापांत सरासरीच्या जवळपास बसणारे वैमानिक किती? उत्तर आलें: एकही नाहीं! 'सरासरी माणूस' म्हणून ज्याच्यासाठीं कॉकपिटें बांधलीं जात होतीं तो मनुष्य अस्तित्वांतच नव्हता. म्हणून खऱ्या विमानाचें आसन जितकें सरकतें तितकें सिम्युलेटरचेंही सरकलें पाहिजे. तें एका जागीं पक्कें केलें तर उंच मनुष्य एक संवय घेऊन जाईल, ठेंगणा दुसरी, आणि दोन्ही चुकीच्या.

डोळ्यापाठोपाठ समोरच्या फळीचा विचार येतो. विमानाचा वेग, कल, उंची आणि दिशा हीं चार उत्तरें वैमानिकास क्षणोक्षणीं हवीं असतात. म्हणून मधोमध कल दाखविणारें कृत्रिम क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची आणि खालीं दिशा, अशी इंग्रजी 'टी' अक्षरासारखी मांडणी बहुतेक विमानांत रूढ झालेली आहे. तबकड्या जाऊन पडदे आले तरी ही मांडणी फारशी बदलली नाहीं. डोळा मधून निघून एका बाजूस जातो व पुन्हां मध्यें येतो. हा फेरा अंगवळणीं पडलेल्या माणसाला तबकडी वाचावी लागत नाहीं. कांटा नेहमींच्या जागीं नाहीं एवढेंच तो टिपतो. सबब कांट्याची जाडी, आंकड्यांचा ठसा व तबकडीवरील खुणांचें अंतर हीं मापें मिलिमीटरच्या अंशापर्यंत सांभाळावीं लागतात.

नाशकास ज्या विमानानें कारखाना दिला त्या मिग-२१ चें उदाहरण या बाबतींत मोठें बोधप्रद आहे. भारतीय हवाईदलांत १९६३ पासून असलेलें हें विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंडीगड येथें निवृत्त झालें. रशियन परंपरेच्या विमानांत उंची मीटरांत आणि वेग ताशीं किलोमीटरांत मोजतात. पाश्चात्त्य परंपरेंत फूट आणि नॉट. हा फरक तरी आंकड्यांचा झाला. परंतु कृत्रिम क्षितिजाचा फरक त्याहून खोल आहे. पाश्चात्त्य धाटणीच्या यंत्रांत विमानाची आकृति स्थिर राहते आणि तिच्यामागील क्षितिजाची रेषा कलते, जणूं वैमानिक खिडकींतून बाहेर पाहत आहे. रशियन धाटणींत क्षितिज आडवें राहतें आणि विमानाची आकृति डावीउजवीकडे कलते, जणूं कोणी मागून विमानाकडेच पाहत आहे. दोन्ही पद्धति आपापल्या परीनें बरोबर आहेत. पण एकीची संवय झालेला डोळा घाईच्या क्षणीं दुसरी पाहील तर डावें उजवें वाटण्याचा संभव असतो. १० जानेवारी २००० रोजीं स्वित्झर्लंडमध्यें झूरिक येथून रात्रीं निघालेलें एक लहान प्रवासी विमान कांहीं मिनिटांतच कोसळलें आणि त्यांतील दहाही माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्याच्या कप्तानाचें मूळ शिक्षण रशियन पद्धतीच्या यंत्रांवर झालेलें होतें, आणि चौकशींत या जुन्या संवयीचाही विचार करावा लागला. मिगच्या सिम्युलेटरमध्यें हातीं लागलें म्हणून पाश्चात्त्य धाटणीचें क्षितिज बसविणें किती घातक ठरेल, हें यावरून सहज कळावें.

मिग-२१ च्या पुष्कळ प्रकारांत समोरच्या फळीवर मधोमध वरून खालीं एक पांढरी पट्टी रंगविलेली असे. प्रथम पाहणारास ती रंगाऱ्याची लहर वाटेल, आणि 'कक्ष सुबक दिसावा' म्हणून एखादा कारागीर ती गाळूनही टाकील. पण तिचें काम असें आहे. विमान भोंवऱ्यासारखें गिरक्या घेत खालीं येऊं लागलें म्हणजे वैमानिकास दिशाभान राहत नाहीं. आपला दांडा मधोमध आहे कीं नाहीं हेंही त्यास उमगत नाहीं. त्या वेळीं दांडा पट्टीच्या रेषेंत ढकलावयाचा, एवढेंच त्यानें ध्यानांत ठेवावयाचें. रंगाचा एक फराटा, पण त्यावर एक प्राण अवलंबून!

आतां प्रत्यक्ष घडणीकडे वळूं या. सातपूरसारख्या वसाहतींतील कौशल्यांचा येथें पुरेपूर उपयोग आहे. कक्षाचा सांगाडा पत्र्याचा किंवा काचतंतूंचा करतात. कधीं निकामी झालेल्या विमानाचा पुढील भागच कापून आणतात. कळींच्या फळ्यांसाठीं पारदर्शक ॲक्रिलिकची पाटी घेऊन तिला आधीं पांढरा आणि त्यावर काळा किंवा करडा रंग देतात. मग बारीक हत्यारानें किंवा लेसरच्या किरणानें वरचा थर तेवढा कोरून अक्षरें उघडीं करतात. दिवसा अक्षरें पांढरीं दिसतात आणि रात्रीं पाटीमागें दिवा लागला कीं तींच उजळतात. हा दिवा किती मंद होऊं शकतो, यालाही महत्त्व आहे. अंधारास पूर्णपणें सरावण्यास मनुष्याच्या डोळ्याला सुमारें अर्धा तास लागतो आणि कक्षांतील प्रखर उजेड तो सराव क्षणांत मोडतो. सिम्युलेटरचे दिवे खऱ्याहून तेजस्वी असले तर शिकणाऱ्यास रात्रीचें उड्डाण कधीं भेटलेंच नाहीं असें म्हणावें लागेल.

याहून कठीण गोष्ट म्हणजे जोर. एखादा खटका किती दाबल्यावर 'टक्' करून बसतो, कोणता खटका आधीं बाहेर ओढल्याशिवाय सरकत नाहीं, कोणत्यावर तांबडें झांकण आहे, इंजिनाचा थ्रॉटल ढकलतांना किती घर्षण लागतें, हें छायाचित्रांत दिसत नाहीं. उड्डाणाचा दांडा तर वेगाप्रमाणें जड-हलका होतो. गंमत अशी कीं मिग-२१ सारख्या विमानांत, जेथें शेपटीचे पृष्ठभाग तेलाच्या दाबानें हालतात, तेथें वैमानिकाच्या हाताला जाणवणारा जोर मुळांतच स्प्रिंगांनीं व वेगाबरोबर बदलणाऱ्या यंत्रणेनें निर्माण केलेला असतो. म्हणजे खऱ्या विमानांतही थोडी नक्कल असतेच! सिम्युलेटरवाल्यानें त्या स्प्रिंगेचा ताण अचूक साधला कीं हातापुरतें तरी त्याचें विमान खरें झालें.

अलीकडे घरच्या संगणकावरही उड्डाणाचे खेळ मिळतात आणि त्यांसाठीं कॉकपिटाचें चित्र संगणकांतच घडविणारे कुशल तरुण पुष्कळ आहेत. त्यांच्या चित्रांत पायांनीं घासून उडालेला रंग, स्क्रूच्या डोक्यावरचा गंज, आसनाची सुरकुतलेली कातडी इतकी हुबेहूब असते कीं पाहणारा थक्क व्हावा. ही कला खरीच कौतुकाची आहे. परंतु त्याच चित्रांतील वेगमापकाचा कांटा जर चुकीच्या कमानींत फिरत असेल, किंवा धोक्याचा दिवा खऱ्या क्रमानें लागत नसेल, तर सारी मेहनत भलत्या जागीं खर्ची पडली असें म्हणावें लागतें. जुनेपणाच्या खुणा विमानाविषयीं प्रेम उत्पन्न करतात; कांटे, कळा आणि दिवे संवय उत्पन्न करतात. वेळ थोडा असेल तर आधीं कोणाची सेवा करावयाची, हें उघड आहे.

खोटी तालीम किती महाग पडते याचें एक दारुण उदाहरण १२ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्क येथें घडलें. एअरबस ए-३०० जातीचें प्रवासी विमान उड्डाणानंतर लगेच पुढें गेलेल्या मोठ्या विमानानें ढवळलेल्या हवेंत सांपडलें. सहवैमानिकानें शेपटीवरील सुकाणू पायांनीं जोरजोरानें डावीउजवीकडे फिरविलें, त्या ताणानें उभी शेपूट तुटून पडली आणि २६५ माणसें प्राणांस मुकलीं. चौकशींत या जोरकस हालचालींबरोबरच सुकाणूच्या रचनेचा आणि वैमानिकांस मिळालेल्या प्रशिक्षणाचाही दोष नोंदला गेला. त्या शिक्षणांतील एका सिम्युलेटर-तालमींत विमान पुष्कळ कलेपर्यंत सुकाणूंचा परिणाम मुद्दाम रोखून धरलेला असे. त्यामुळें मोठें विमान लवकर वळत नाहीं, त्यास जोरानें हालवावें लागतें, अशी समजूत होण्यास वाव राहिला. यंत्र दिसावयास निर्दोष होतें. पण हातापायांस शिकविलेला धडा असत्य होता.

म्हणून असा कक्ष घडविण्याचें काम एखाद्या कारखान्याकडे आलें तर त्याच्या नकाशावर केवळ लांबी, रुंदी व रंग लिहून भागत नाहीं. प्रत्येक कळीपुढें तिला लागणारा जोर, तिच्या सरकण्याचें अंतर, तिचा आवाज, रात्रींचा उजेड आणि ती हालविल्यावर कोणता कांटा किती वेळानें हालतो, हेंही लिहिलेलें असलें पाहिजे. सातपूरच्या कातकाऱ्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाची चूक पारखण्याची संवय आहेच. तीच पारख जोर आणि वेळ यांनाही लावावयाची, एवढेंच नवें शिक्षण.

आणि काम पुरें झालें कीं त्याची परीक्षा कशी घ्यावी? वैमानिकांत एक जुनी चाल आहे. नव्या विमानावर जाण्यापूर्वीं शिकाऊ वैमानिकास कॉकपिटमध्यें बसवून त्याचे डोळे बांधतात आणि गुरु एकेका कळीचें नांव घेतो. शिष्यानें चांचपडल्यावांचून ती कळ धरावयाची. सिम्युलेटरची परीक्षाही अशीच व्हावी. त्या विमानावर वर्षानुवर्षें उडालेल्या वैमानिकाला डोळे बांधून आंत बसवावें आणि त्याचा हात कोठें अडखळतो तें पाहावें. जेथें तो अडखळेल तेथें रंग कितीही सुरेख असला तरी ती फळी खोलून पुन्हां करावयास घ्यावी.